तेवीस नंबरचा साग कापण्याआधी: कार्य आयोजना अधिकाऱ्यांना खुलं पत्र

मा. उपवनसंरक्षक साहेब आणि मा. कार्य आयोजना अधिकारी साहेब,

सादर जोहार.

मे महिन्यात आमच्या गावाला लागून असलेल्या कक्षात, म्हणजे जंगलाच्या तुमच्या एका तुकड्यात, तोडायच्या झाडांचं मार्किंग झालं. धान कापून झालं की कूप लागेल, म्हणजे तोड सुरू होईल. त्या मार्किंगमध्ये १७ झाडं अशी आहेत, ज्यांच्यावर १९८६ पासून पत्र्याचे नंबर ठोकलेले आहेत. पत्रा गंजलाय, काही नंबर सालीने अर्धे गिळलेत, पण वाचता येतात. ही झाडं तुमच्याच खात्याने वाढ मोजण्यासाठी राखून ठेवली होती. आता त्याच झाडांच्या बुंध्याची साल तासून तुमच्याच खात्याचा हॅमर, तोडीचा शिक्का, बसला आहे.

मी दोन अर्ज केले. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला आलं ते असं, ‘सदर नमुना भूखंडाची नोंद कार्यालयीन अभिलेखात आढळून येत नाही.’ कागद हरवला म्हणून जंगलातली झाडं हरवत नाहीत, साहेब. ती उभी आहेत. मी त्यांच्याखाली बसून डबा खाल्ला आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड्यावर. विभागाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या जागी उद्या दुसरे साहेब येतील, आणि ही गोष्ट एका विभागापुरती असेल असं मला वाटतही नाही.

आधी माझा संबंध सांगतो. माझे बाबा वनमजूर होते. १९८६ साली संशोधनाकडचे एक साहेब जीप घेऊन आले, नाल्यापलीकडे दोरी लावून चौकोन आखला आणि आतल्या ६४ झाडांना नंबर दिले. छातीच्या उंचीवर पिवळ्या रंगाचा पट्टा मारला. छातीची उंची म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटर. पण साहेबाची छाती वेगळी, आमच्या बाबांची वेगळी, म्हणून बाबांनी तिवसाची बरोबर तेवढ्या लांबीची काठी तासली. झाड उतारावर असलं तर काठी चढाच्या बाजूला टेकवायची, काठीच्या टोकाशी पट्टी गुंडाळायची, वेल किंवा सुटलेली साल आधी हाताने काढायची. मी तेव्हा सातवीत होतो, बाबांच्या मागे चोपडी धरून उभा राहायचो. ‘पट्टी ढिली सोडू नको गा, अन् आवळू बी नको,’ हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलंय की झोपेत म्हणेन.

खात्याने १९८६, १९९१ आणि १९९६ साली मोजणी केली. त्यानंतर कोणी आलं नाही. सरकारी रजिस्टर कार्यालयात गेलं ते गेलं, पण बाबांनी तिन्ही वेळचे आकडे आपल्या चोपडीत उतरवून ठेवले होते. धानाचे हिशेब, उसनवारी, माझ्या बहिणीच्या लग्नातला आहेर आणि मधेच ‘सा. २३ – ५२’. म्हणजे साग, नंबर २३, १९८६ सालचा घेर ५२ सेंटिमीटर. गावाला सामूहिक वनहक्क मिळाल्यावर, २०१३ पासून, मी तीच काठी घेऊन दर वर्षी मार्गशीर्षात जातो. २०१७ साली मलेरियाने अंथरुणाला खिळलो, ते वर्ष तेवढं चुकलं. तेवीस नंबरचा साग २०१३ साली ८४.३ होता, २०२४ साली ९७.१. बाबांच्या आकड्यापासून धरलं काय आणि माझ्या आकड्यापासून धरलं काय, वर्षाला सव्वा सेंटिमीटरच्या आतच पडतं. त्याच्यावरही हॅमर आहे.

आता तुम्ही म्हणाल, १७ झाडांसाठी एवढं पत्र? झाडांपेक्षा मोठी गोष्ट तुमच्या नव्या कार्य आयोजनेच्या, म्हणजे कुठे किती तोडायचं याच्या आराखड्याच्या, मसुद्यात आहे, ती सांगतो.

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात आदेश दिला, तेव्हापासून मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलात कुऱ्हाड लावता येत नाही. चांगलंच झालं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की आयोजनेत जो आकडा छापला तो दहा वर्षं वेदवाक्य. मग तो आकडा आला कुठून, हे विचारायला नको?

मसुद्यात लिहिलंय की आमच्या कक्षातला साग १५ सेंटिमीटर घेराची एक पायरी ८ वर्षांत ओलांडतो. म्हणजे वर्षाला १.८७५. खाली बारीक अक्षरात ‘उपलब्ध तक्त्यांवरून’. कोणते तक्ते, कुठले, कधीचे, काही नाही. माझ्या भूखंडातले २९ साग अजून उभे आहेत. त्यांची ११ वर्षांची सरासरी वर्षाला १.२ सेंटिमीटर येते. तीच पायरी ओलांडायला साडेबारा वर्षं.

साडेचार वर्षांचा फरक कागदावर लहान दिसतो. जंगलात काय होतं ते बघा. तुमचं कूप २० वर्षांनी त्याच जागी परत येणार. आज ८५ सेंटिमीटरचा साग पुढच्या फेरीसाठी म्हणून राखला. मसुद्याच्या हिशेबाने २० वर्षांत तो साडेसदतीस सेंटिमीटर वाढून १२२ च्या वर जाईल, म्हणजे १२० ची तोडीची मर्यादा पार. पट्टीच्या हिशेबाने तो २४ वाढेल आणि १०९ वर असेल. मग २०४५ साली जे साहेब येतील त्यांच्यासमोर दोनच रस्ते. कूप रिकामं सोडायचं, नाही तर मर्यादा खाली आणून न पिकलेली झाडं तोडायची. पहिला रस्ता कोणी घेतलेला मी आजवर पाहिला नाही.

हा विचार माझ्या डोक्यातला नाही, तुमच्याच खात्याच्या मूळपुरुषाचा आहे. डिट्रिच ब्रँडिस १८५६ साली ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागाच्या जंगलात आले आणि पुढे १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. त्या ओल्या जंगलात कागद टिकेना, तेव्हा ते हातात काठ्या धरून, झाडाच्या जाडीप्रमाणे त्यांच्यावर खाचा पाडत मोजणी करत. त्यांचा नियम साधा. लहान वर्गातून मोठ्या वर्गात जायला झाडाला किती वर्षं लागतात ते आधी शोधा, आणि मोठी झाडं तेवढीच तोडा जेवढी त्या काळात खालून वर येतील. पावणेदोनशे वर्षं होत आली. आज तुमच्याकडे जीपीएस आहे, टॅब आहे, उपग्रहाचे नकाशे आहेत. पण उपग्रहाला पानोरा दिसतो, घेर दिसत नाही. घेराला अजून पट्टीच लागते आणि पट्टीमागे एक माणूस.

‘उपलब्ध तक्ते’ म्हटल्यावर मला शंका येते ती जुन्या साग रोपवनांच्या तक्त्यांची. १९४० साली लॉरी आणि बक्षी संतराम यांनी हिंदुस्थान-ब्रह्मदेशातल्या साग रोपवनांचे उत्पादन तक्ते केले. मोठं काम आहे, नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण ते तक्ते रोपवनाचे. एका वयाची, ओळीत लावलेली, वेळेवर विरळणी झालेली झाडं. आमच्या कक्षात सागाला खेटून ऐन आहे, धावडा आहे, बीजा आहे, मधे मोह, खाली तेंदूची झुडपं, आणि सगळ्यांची वयं वेगळी. सागजड्या, म्हणजे छाटलेल्या मुळ्या, लावून वाढवलेल्या सागाचा वेग या सागाला लावणं म्हणजे वसतिगृहातल्या पोरांची उंची मोजून गावातल्या सगळ्या माणसांचे सदरे शिवण्यासारखं आहे. तुमचा तक्ता दुसरा कुठला असेल तर सांगा, मी हा परिच्छेद जाहीरपणे मागे घेईन.

माझी लेक अकोल्याला कृषी विद्यापीठात वनशास्त्र शिकली. गेल्या उन्हाळ्यात तिने आजोबांची चोपडी आणि माझ्या वह्या लॅपटॉपवर चढवल्या. आकडे भरताना तिनेच माझी चूक पकडली. एका साली मी मार्गशीर्षाऐवजी चैत्रात गेलो होतो आणि त्या वर्षी निम्म्या झाडांचा घेर कमी झालेला दिसत होता. झाड काही उलटं वाढत नाही. उन्हाळ्यात खोड आणि साल पाण्याअभावी आकसतात, पावसाळ्यात फुगतात. म्हणून मोजायचं तर दर वर्षी एकाच महिन्यात. बाबांना हे माहीत होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण तोवर खात्यातलं सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

मग तिने वाढीची रेषा काढून दाखवली. वयाबरोबर झाडाची वाढ सरळ रेषेत जात नाही, लांबट आडव्या ‘एस’सारखी जाते. कोवळेपणी हळू, मग जोरात, मग परत मंद. त्या त्या वर्षीची वाढ आणि जन्मापासूनची सरासरी वाढ अशा दोन रेषा काढल्या तर त्या एका जागी एकमेकींना छेदतात, आणि जास्तीत जास्त लाकूड हवं असेल तर झाड काढायची वेळ ती. हे तुम्हाला मी शिकवायला नको. पण पुढचं मला फार आवडलं. २९ सागांपैकी तिने ९ बाजूला काढले, उरलेल्या २० वरून रेषा बांधली, आणि त्या रेषेला विचारलं की या नवांचा घेर २०२४ साली किती असेल? मग माझ्या वहीतला खरा आकडा शेजारी मांडला. सात झाडं जवळपास बरोबर आली. दोन साफ चुकली. रेषेने सांगितलं त्यापेक्षा ती फारच बारीक होती. मी म्हटलं, ‘ते दोन्ही वरच्या अंगाचे. तिथं बरडी हाय.’ म्हणजे मुरमाड, हलकी जमीन.

तुमच्या मसुद्यात माती नाही, ही माझी मोठी तक्रार. आमच्याकडचा कुठलाही शेतकरी जमिनीवरून चालताना सांगेल, ही कन्हार, ही मोरांड, ही सिहार, ही बरडी. नाल्याकाठच्या मोरांडीवरचा साग आणि टेकाडावरच्या बरडीवरचा साग यांच्यात दीडशे पावलांचं अंतर, पण एकाच वयात एक खांबासारखा सरळ आणि दुसरा म्हाताऱ्याच्या काठीसारखा वाकडा. वनशास्त्रात यालाच जागेची प्रत म्हणतात, आणि ५० वर्षं वयाला उंच झाडांची उंची किती यावरून ती ठरवतात. म्हणजे शास्त्राला माहीत आहे, शेतकऱ्याला माहीत आहे, मसुद्यालाच तेवढं माहीत नाही. अख्ख्या कक्षाला एकच वेग. तोडीचा आकडा या सरासरीवर निघणार, आणि ठेकेदाराची टोळी पहिल्यांदा जाणार नाल्याकाठी, जिथे गाडी पोचते आणि झाड जाड आहे. वरची बरडी तशीच राहील. कागदावर मात्र सगळं सारखं.

आणखी एक. सागाचा तरी आकडा आहे. ऐन, धावडा, बीजा, रोहन, हलदू, मोह, सगळे मिळून ‘इतर’, आणि त्या ‘इतर’ला एक वेग. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड, धावड्याची गुळगुळीत. एकाची पट्टी वाचताना सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतो, दुसऱ्याची नाही. मोजण्याची पद्धतही एक नाही, तिथे वेग एक कसा असेल? आणि मोहाला लाकडात मोजणं तर मला समजतच नाही. आमच्या घरी मोह फुलांनी मोजतात.

वाढीच्या हिशेबाला तीन पाय असतात, किती वाढलं, किती मेलं, किती नवीन आलं. मसुदा एका पायावर उभा आहे. मेलं किती ते माझ्याकडून घ्या. ६४ पैकी आज ५१ उभी आहेत. ६ जागेवर वाळली, ४ वादळात पडली, आणि ३ आमच्या गावातल्याच लोकांनी घराच्या बल्ल्यांसाठी नेली. हो, आमच्याच. ग्रामसभेत त्यावरून भांडण झालं, दंड बसला, पण झाडं गेली ती गेली. नवीन किती आलं याचं उत्तर आणखी वाईट आहे. भूखंडात बोटाएवढी साग-ऐनाची रोपं दर पावसाळ्यात शेकड्यांनी दिसतात आणि मार्च-एप्रिलमध्ये आगीत जातात. मोठं झाड आगीत सहसा मरत नाही, रोप जमिनीपासून जळतं, पावसाळ्यात परत फुटतं, परत जळतं. मुळाला दहा वर्षं आणि वर कमरेएवढं पोर. आग कोण लावतं? काही वेळा मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवणारे आमचे लोक, काही वेळा तेंदूची पालवी लवकर फुटावी म्हणून लावणारे, काही वेळा कोण ते कळत नाही. दोष एकट्या खात्यावर ढकलून मी मोकळा होणार नाही. पण खालून नवीन झाड येणारच आहे असं धरून तुम्ही तोडीचा आकडा काढला असेल, तर तो चुकला आहे.

तशाच त्या दोन अळ्या. जुलै-ऑगस्टमध्ये सागाची पालवी खाणारी एक, आणि पुढे पानाची नुसती जाळी ठेवणारी दुसरी. ज्या वर्षी डोंगर भर श्रावणात तपकिरी दिसतो, त्या वर्षी पट्टीवर फरक दिसतो. केरळात निलांबूरला, जिथे १८४० च्या दशकात देशातली सागाची पहिली रोपवनं लागली, तिथल्या अभ्यासात कोवळ्या सागाची ४४ टक्के संभाव्य वाढ पालवी खाणाऱ्या अळीपायी बुडत असल्याचं आढळलं. आमच्याकडे किती बुडते, हे आमच्याच झाडांवर मोजावं लागेल. केरळचा आकडा इथे चिकटवला तर मीही तुमच्यासारखाच वागलो म्हणायचं.

बांबूचं वेगळं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बांबू एका पावसाळ्यात असेल तेवढा उंच होतो, पुढे जाड होत नाही. तिथे घेर नाही, रांजीतल्या, म्हणजे बेटातल्या, काठ्यांची वयं मोजायची आणि ठरलेल्या फेऱ्याने जून काठ्याच काढायच्या. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २०११ साली स्वतःच्या वाहतूक पासांवर बांबू विकायला सुरुवात केली, चंद्रपुरातल्या पाचगावनेही बांबू सांभाळून विकून दाखवला. ग्रामसभेला मोजता येतं, हे आपल्या भागात नव्याने सिद्ध करायची गरज नाही.

तरी आमचा व्यवस्थापन आराखडा परत आला. शेरा, ‘वाढीबाबतची शास्त्रीय माहिती जोडलेली नाही.’ आम्ही ११ वर्षांचे आकडे जोडले होते. मी पोच घेऊन ठेवली आहे, पानं मोजून, १४. वनहक्क कायदा २००६ चा, आणि २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे की ग्रामसभेच्या समितीने सामूहिक वनाचा संवर्धन आणि व्यवस्थापन आराखडा करायचा आणि तो वन खात्याच्या कार्य आयोजनेशी जोडायचा. नाल्याच्या अलीकडचं जंगल आमच्या समितीकडे, पलीकडचं तुमच्या कक्षात. माती तीच, साग तोच, पाऊस तोच. एकाच उताराला तुमच्या कागदावर १.८७५ आणि आमच्या वहीत १.२ असे दोन वेग असतील तर बसून मिटवायला हवं. आमच्या आकड्यांना अशास्त्रीय म्हणणाऱ्या कागदावर ‘उपलब्ध तक्त्यांवरून’ लिहिलेलं असावं, याचं मला हसू आलं. घरी गेल्यावर हसू आलं, कार्यालयात नाही.

बीटवरच्या वनरक्षकांबद्दल माझ्या मनात राग नाही. एका माणसाकडे एवढं मोठं बीट, आगीचा हंगाम, अतिक्रमणाचे पंचनामे, वाघाच्या हल्ल्याचे पंचनामे, रोपवनाची कामं, वरून रोजचे फोटो पाठवायचे. तो कुठून पट्टी लावत बसणार? आमचे आताचे वनरक्षक स्वतः एकदा माझ्याबरोबर आले, दहा झाडं मोजली, मग फोन आला आणि गेले. जाताना म्हणाले, ‘काका, तुमचं चालू राहू द्या.’ चालू आहे. पण माझं वय ५२ आहे, आणि नमुना भूखंडाचं मोल दर वर्षी वाढतं. ३९ वर्षांची नोंद असलेलं झाड तोडलं तर तशी नोंद परत मिळवायला ३९ वर्षं लागतात. दुसरं कुठलं मशीन त्यासाठी नाही.

मागण्या सांगतो. अवघड एकही नाही.

भूखंडातल्या १७ झाडांची तोड रद्द करा, आणि भूखंडाच्या चारी बाजूंनी निदान २० मीटरचा पट्टा सोडा. शेजारचं झाड काढलं की उरलेल्याला एकदम ऊन मिळतं, तो भरभर वाढतो, आणि मग ती वाढ जंगलाची की मोकळ्या जागेची ते कळत नाही. हे कूप लागण्याआधी व्हायला हवं. बाकीच्याला वेळ लागला तरी चालेल, याला नाही.

मसुद्यात वापरलेला वाढीचा तक्ता, त्याचं मूळ, आणि त्यावरून वार्षिक तोड कशी काढली तो हिशेब मराठीत प्रसिद्ध करा. एक पान पुरे. आकडा कसा आला ते आम्हाला समजलं पाहिजे, नुसता किती आहे ते नाही.

या हिवाळ्यात भूखंडाची संयुक्त मोजणी करा. तुमचा माणूस, आमचा माणूस, एकच पट्टी, दोन वह्या. जमलं तर बरडीवर आणि मोरांडीवर आणखी एकेक भूखंड आखा. ऐन, धावडा आणि बीजाला नंबर द्या.

गेल्या वर्षीच्या कुपातले सागाचे खुंट अजून जागेवर आहेत. त्यांच्या चकत्या कापून वर्तुळं मोजा. सागाचं वार्षिक वर्तुळ डोळ्यांना दिसतं, हंगामाच्या सुरुवातीची मोठी छिद्रं ओळीने लागलेली असतात. ऐनाचं तितकं स्पष्ट नसतं, पण सागापुरता तरी कितीतरी वर्षांचा हिशेब त्या खुंटांत फुकट पडून आहे. वाळवी लागायच्या आत मोजायला हवा. माझ्या अकरा वर्षांवर विश्वास नसेल तर खुंटाला विचारा.

हे सगळं होऊन नवा वेग निघेपर्यंत आमच्या कक्षातली तोड मसुद्याच्या आकड्यावर करू नका, आणि तोडीच्या घेराची मर्यादा खाली आणू नका. पट्टीने उद्या तुमचाच आकडा खरा ठरवला तर मी ग्रामसभेत उभा राहून तसं सांगेन. माझ्या वहीत चूक असू शकते. चैत्रातली तर होतीच.

ग्रामसभेचा आराखडा ‘वाढीबाबतची माहिती नाही’ या शेऱ्यावर परत करू नका. माहिती चुकीची वाटली तर कुठे चुकली ते लिहा.

आम्ही यंदाची मोजणी २० डिसेंबरला करणार आहोत. सकाळी ८ वाजता नाल्याच्या रपट्यापाशी भेटू. तिथवर जीप येते, पुढे दीड किलोमीटर पायी. गवत ओलं असतं, बूट घालून या. एक नंबरपासून सुरुवात करू, तेवीस नंबर साधारण दहाच्या सुमाराला येतो. डबा आमच्याकडचा, भात, बरबटीची भाजी आणि जवसाची चटणी. काठी माझ्याकडे आहे. पट्टी मात्र तुमची घेऊन या, कारण आमची ८० ते ९० च्या मधे पुसली आहे आणि बरेचसे साग सध्या नेमके तिथेच उभे आहेत.

आपला,
सचिव, सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समिती
(झाडीपट्टीतल्या एका गावाची ग्रामसभा)